तळहाताएवढी जमीन

मराठीतील 'हवा' हा शब्द मोठा मायावी आहे. जी डोळ्यांना दिसत नाही ती हवा. आणि जे हाती नाही म्हणून मन ज्याचा ध्यास घेते तेही 'हवे'च. निवडणुकीत कोणाची तरी हवा असते, बढती मिळालेल्या माणसाच्या डोक्यात ती शिरते, आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाची आडगावी बदली झाली की लोक समाधानाने म्हणतात, "हवा गेली." मुलूख सोडून नोकरीच्या मागे फिरणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना तर या शब्दाची आणखी एक छटा चांगली परिचयाची असते. बदलीचा हुकूम हाती पडला की घरात पहिला प्रश्न निघतो तो "तिथली हवा कशी आहे?" हाच.

परंतु ज्या हवेवर आपण अक्षरशः आरूढ होऊन फिरतो तिची चौकशी मात्र कोणी करीत नाही. मी मोटारीच्या टायरमधील हवेविषयी बोलतो आहे. एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याला विचारून पाहा, "आपल्या गाडीच्या चाकांत हवा किती?" तो म्हणेल, ड्रायव्हरला ठाऊक. ड्रायव्हर म्हणेल, पंपावरच्या मुलाला ठाऊक. आणि पंपावरचा मुलगा नळी लावता लावता म्हणेल, "सार, तीस-बत्तीस." फाइल जशी वरून खाली उतरत उतरत अखेर ज्याला काहीच ठाऊक नाही अशा माणसाच्या टेबलावर विसावते, तशीच या प्रश्नाचीही गत. तो 'तीस-बत्तीस' म्हणजे दर चौरस इंचावर तितके पौंड दाब. आणि त्या तीस व बत्तीसमध्ये जो दोन पौंडांचा ऐसपैस मोकळेपणा आहे, त्यात माझी गेली काही वर्षे बरीचशी खर्ची पडली आहेत.

या विषयात शिरण्याचे मला स्वतःला काही कारण नव्हते. ते आमच्या कन्येने पुरवले. माझी नेमणूक चेन्नईस झाली तेव्हा ती शिक्षण संपवून तिथेच, श्रीपेरुंबुदुरच्या बाजूच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून लागली. पहिल्या वर्षाच्या पगारातून तिने एक लहानशी मोटार घेतली. एका रात्री जेवताना, आमटी वाढून घेत असताना, तिने अगदी सहज स्वरात सांगितले की येत्या रविवारी ती ही गाडी घेऊन इरुंगाट्टुकोट्टैच्या शर्यतीच्या मार्गावर जाणार आहे. हिच्या हातातली पळी थांबली. मी मात्र कार्यालयातील सवयीने विचारले, "नियम काय आहेत?"

नियम होते, आणि ते मला आवडले. इंग्रजीत ज्याला 'ट्रॅक डे' म्हणतात त्याला मराठीत अद्याप नाव नाही. मी त्याला 'फेऱ्यांचा दिवस' म्हणतो. ही शर्यत नव्हे. इथे कोणाचा पहिला क्रमांक येत नाही, बक्षीस नसते, टाळ्या वाजवणारी गर्दीही नसते. शर्यतीसाठी बांधलेला मार्ग त्या दिवसापुरता हौशी मंडळींना पैसे भरून खुला केला जातो. चालकांचे अनुभवाप्रमाणे गट पाडतात; एकेक गट पंधरा-वीस मिनिटे फेऱ्या मारतो आणि मग दुसऱ्याला जागा देतो. डोक्याला शिरस्त्राण सक्तीचे. गाडीत सुटी वस्तू एकही ठेवायची नाही, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा नाही. पुढच्याने हाताने वाट दाखविल्याखेरीज त्याला ओलांडायचे नाही. वळणावळणावर निशाणे घेतलेली माणसे उभी असतात आणि एका बाजूला रुग्णवाहिका उभी असते. त्या रुग्णवाहिकेकडे बापाने शक्यतो पाहू नये.

मद्रासला हा नाद जुनाच. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली स्थापन झाला. शहराच्या उत्तरेस शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील एक धावपट्टी पडून होती. विमाने गेली आणि तिच्यावर मोटारी व फटफट्या धावू लागल्या. पुढे १९९० मध्ये बंगळुरूच्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदुरच्या अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टै येथे क्लबचा स्वतःचा मार्ग तयार झाला. सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा आणि बारा वळणांचा हा मार्ग भोवतालच्या सपाट माळावर पाहिला तर कोणी सुतळी सोडून दिल्यासारखा दिसतो.

'हौशी' हा शब्द आपण मराठी माणसांनी नाटकावरून फार प्रेमाने घडविला आहे. हौशी नट दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करतो, रात्री छत्रपती होतो, आणि प्रयोग संपला की कानामागचा रंग पुसत शेवटच्या गाडीने घरी परततो. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा कचेरी असते. फेऱ्यांच्या दिवसाचा हौशी चालकही नेमका असाच. धंदेवाईक शर्यतपटूची गाडी ट्रकवर चढून मैदानात येते, तिला निराळी चाके, निराळे टायर, आणि दिमतीला माणसे. हौशी माणूस ज्या गाडीतून आला त्याच गाडीतून, त्याच चार टायरांवर, संध्याकाळी घरी जातो. आणि सोमवारी त्याच टायरांवर कारखान्यात हजर होतो. टायर निवडण्याचा सारा पेच या एका वस्तुस्थितीत आहे. छत्रपतींचा जिरेटोप घालून कचेरीत जाता येत नाही, आणि कचेरीच्या टोपीत सिंहासनावर बसता येत नाही.

पहिल्या रविवारी ती गाडीबरोबर आलेल्या टायरांवरच गेली. परत आली ती हसत, पण पुढच्या दोन टायरांच्या बाहेरच्या कडा खरवडल्यासारख्या झाल्या होत्या. गाडीबरोबर मिळणारे टायर हे गृहस्थाश्रमी असतात. पेट्रोल कमी लागावे, आवाज होऊ नये, चाळीस-पन्नास हजार किलोमीटर टिकावे, ही त्यांची व्रते. वळणावर चिकटून राहण्याची अपेक्षा त्यांच्याकडून फारशी कोणी करीत नाही. तेव्हा आम्ही दोघे टायरच्या दुकानात गेलो.

ते दुकान चालविणाऱ्या वृद्ध गृहस्थांना सारे 'पेरियवर' म्हणत. पेरियवर म्हणजे वडीलधारे. त्यांचे तमिळ मला निम्मे कळे, माझे तमिळ त्यांना मुळीच कळत नसे. तरी टायरच्या अंगावर कोरलेली लिपी त्यांनी मला अर्ध्या तासात शिकवली. आमच्या जुन्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिलेले होते. १८५ मिलिमीटर ही रुंदी. तिच्या शेकडा ६५ इतकी टायरच्या भिंतीची उंची, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. आर म्हणजे आतील धागे मध्यापासून कडेकडे, आरेप्रमाणे, गेलेले. १५ इंच हा चाकाचा व्यास. ८८ हा भाराचा सांकेतिक आकडा. त्याचा अर्थ हे एक टायर ५६० किलो पेलील. शेवटचे एच हे अक्षर वेगाची मर्यादा सांगते: ताशी २१०. त्याच्या खालच्या पायऱ्यांपैकी टी, १९० ची. वरची व्ही, २४० ची. आणि एका कोपऱ्यात चार आकडे निराळेच असतात. २३१९ असे असले, तर ते टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मले. रबर वापरल्यावाचूनही म्हातारे होते, कडक होते. माणसाच्या सेवापुस्तकात जन्मतारीख असते तशी ही नोंद. मी पाहिलेल्या कागदपत्रांत इतकी आटोपशीर आणि खाडाखोड नसलेली नोंद मला क्वचितच आढळली आहे.

कन्येला हवे होते १९५/६० चे टायर. रुंदी थोडी अधिक, भिंत किंचित बुटकी, म्हणजे वळणात टायर कमी कलंडेल. आणि चाकाचा एकूण घेर केवळ शेकडा एकाने बदलत असल्यामुळे वेगाचा काटाही फारसा फसवणार नाही. इथवर मतभेद नव्हता. मतभेद होता तो रबराच्या मऊपणाविषयी. मऊ रबर जमीन धरते, पण झिजते. कठीण रबर टिकते, पण घसरते. अमेरिकेतील पद्धतीप्रमाणे काही टायरांवर झिजेचा आकडा कोरलेला असतो. १०० हे प्रमाण धरून जितका आकडा मोठा तितके टायर टिकाऊ. रोजच्या वापराच्या टायरांवर ४०० किंवा त्याहून अधिक आकडा सापडतो. फेऱ्यांच्या छंदातली मंडळी २०० च्या आसपासचे शोधतात. मुलगी २०० म्हणत होती. माझ्या मनातील हिशेबनीस ४०० म्हणत होता. पेरियवरांनी विचारले, "पावसात हीच गाडी का?" ऑक्टोबर-नोव्हेंबरात चेन्नईत जो पाऊस पडतो तो ज्याने पाहिला आहे, त्याला या प्रश्नाचे मोल कळेल. अतिमऊ आणि कमी खाचांच्या टायरांना साचलेले पाणी दूर सारता येत नाही. ते पाण्यावरच तरंगू लागतात. अखेर मधला मार्ग निघाला: खाचा पुरेशा, रबर मध्यम मऊ, वेगाचे अक्षर व्ही. पेरियवरांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मला पुढे फार पटली. टायर नवेकोरे असताना फेऱ्यांना नेऊ नये. नव्या टायरचे रबराचे ठोकळे सात-आठ मिलिमीटर उंच असतात. जोराच्या वळणात ते लडबडतात, तापतात आणि त्यांचे तुकडे उडतात. काही हजार किलोमीटर संसारात झिजून ठोकळे अर्धे झाले, म्हणजे कोरड्या मार्गावर तेच टायर अधिक खंबीर होते. मात्र झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर येते, तिच्या खूप आधीच हा उद्योग थांबवायचा. अनुभवाने थोडा झिजलेला माणूस आणीबाणीत अधिक उपयोगी पडतो, हे सरकारी नोकरीतही मी पाहिले आहे. आणि पार झिजलेल्याचे काय होते, तेही.

टायर ही वस्तू मुळी बापाच्या मायेतूनच लोकप्रिय झाली, हे मला त्या दिवसांत वाचनात सापडले. हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्ये घेतले होते. पण त्या काळाला ते मानवले नाही आणि लोक त्याला विसरूनही गेले. मग बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला रबराची, हवा भरलेली धाव बसविली आणि १८८८ मध्ये तिचे पेटंट मिळविले. थॉमसनचा जुना दाखला निघाल्याने पुढे ते रद्द झाले, ही कागदपत्रांची गंमत निराळी. मुलाला दगडी रस्त्यावर धक्के बसू नयेत एवढीच त्या बापाची इच्छा. आणि इकडे आमच्या मद्रासेत तरी काय झाले? १९४६ मध्ये तिरुवोट्टियूरच्या एका शेडमध्ये के. एम. मम्मेन माप्पिळै यांनी मुलांचे फुगे बनविण्यास आरंभ केला. त्याच मद्रास रबर फॅक्टरीचे पुढे टायर झाले आणि 'एमआरएफ' ही तीन अक्षरे देशभरच्या रस्त्यांवर उमटली. मूळ भांडवल दोन्हीकडे एकच: थोडे रबर, पुष्कळशी हवा आणि एखादे मूल.

आता त्या हवेकडे वळतो. मुलगी फेऱ्यांना निघाली की बापाच्या हातात करण्यासारखे काही उरत नाही. चालवायचे ती, वळायचे ती, ब्रेक लावायचा तिने. मैदानातील गाळ्यात उभा राहून मी फक्त एक गोष्ट करू शकत होतो: दाब मोजणे. म्हणून मी एक चांगला दाबमापक आणि एक दोनशेपानी वही विकत घेतली. मुलीने ती वही पाहून म्हटले, "बाबा, हे ऑडिट आहे की काय?" मी म्हटले, "समज."

बापाची पहिली प्रवृत्ती हवा अधिक भरण्याची असते. टायर टणक दिसला की मनाला धीर येतो. बोटाने दाबून पाहावे, दबत नाही, म्हणजे भक्कम आहे असे वाटते. पण हिशेब करून पाहिला तर ही भक्कमपणाची कल्पना पार उलटी ठरते. आमच्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकावर सुमारे ३०० किलो भार येतो. दाब ३० पौंड असला, तर एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.१ किलो भार तोलला जातो. म्हणजे ३०० किलो पेलण्यासाठी सुमारे १४० चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकावे लागते. हे झाले एका तळहाताएवढे. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, तेव्हा हा हिशेब ढोबळ. तरी पुरेसा खरा. साऱ्या मोटारीचा पृथ्वीशी संबंध असतो तो असा चार तळहातांपुरता! आता काळजीपोटी त्याच टायरमध्ये ४० पौंड हवा भरा. चौरस सेंटिमीटरला २.८ किलो पेलले जातील, आणि जमिनीला टेकलेला भाग १४० वरून १०७ च्या आसपास येईल. दहा पौंड काळजीने पाव तळहात जमीन हिरावून घेतली. टायर मध्यभागी फुगतो, कडा उचलल्या जातात, आणि वळणात जेव्हा प्रत्येक बोटाची गरज असते तेव्हा तो चवड्यावर उभा असतो.

मग हवा खूप कमी ठेवावी काय? तेही नाही. हवा कमी झाली की टायरची भिंत वळणात दुमडते, गाडी उशिरा आणि आळसटपणे वळते, कडा घासतात. आणि सारखे वाकून-उलगडून टायर आतूनच तापतो. रस्त्यावर जे टायर फुटतात त्यांत कमी हवेने तापलेले पुष्कळ असतात. तात्पर्य, या दोहोंमध्ये एक अरुंद पट्टी आहे आणि ती शोधायची आहे.

तिथे खरी मेख अशी की ही पट्टी आपल्याला थंडपणी मोजताच येत नाही. वायू तापला की त्याचा दाब वाढतो. दाबमापक जे दाखवितो ते बाहेरच्या हवेच्या दाबाहून अधिक असलेले. म्हणून ३० पौंडांच्या टायरमध्ये प्रत्यक्षात सुमारे ४५ पौंड असतात. सकाळी ३० अंश सेल्सिअसला हे टायर भरले आणि फेऱ्यांत आतली हवा ७० अंशांना गेली, तर निरपेक्ष तापमानाच्या हिशेबाने दाब शेकडा तेराने वाढतो. ४५ चे ५१ होतात, आणि मापकावर ३० चे ३६ दिसतात. म्हणून जाणते लोक गरम दाब आधी ठरवितात आणि थंड दाब त्याच्यावरून मागे मोजीत येतात. आमच्या हलक्या गाडीला गरमपणी पुढे ३४ च्या आसपास योग्य, असे दोन-तीन दिवसांच्या नोंदींवरून दिसले. तेव्हा सकाळी २८ किंवा २९ भरून निघायचे. हे मनाला फार जड जाते. दारावरच्या चिठ्ठीवर कंपनीने ३३ छापलेले असताना, मुलगी वेगाने जायला निघाली असताना, बापाने स्वतःच्या हाताने चार पौंड हवा काढायची! ती हवा 'स्स' करीत निघून जाते तेव्हा आपल्याच छातीतून गेल्यासारखी वाटते.

नायट्रोजनविषयी पुष्कळ भाबडेपणा आढळतो, म्हणून एक वाक्य. तापमानाने दाब वाढण्याचा नियम त्यालाही चुकलेला नाही, आणि साध्या हवेतही शेकडा ७८ तोच असतो; त्याचा गुण एवढाच की तो कोरडा असतो. चेन्नईच्या दमट हवेत पंपाच्या टाकीत पाणी साचते, त्याची वाफ टायरमध्ये गेली की दाब बेहिशेबी चढतो. ज्याला आपल्या वहीतील आकड्यांवर विश्वास ठेवायचा आहे त्याने कोरडी हवा भरावी, मग तिला कोणतेही नाव असो.

आमची रीत हळूहळू ठरत गेली. सकाळी, ऊन टायरांवर येण्यापूर्वी, चारही चाके मोजायची. खडूने टायरच्या कडेवरून भिंतीपर्यंत एक पांढरी रेघ ओढायची. गाडी आत येताक्षणी, ती शिरस्त्राण काढण्याच्या आतच, पुन्हा चारही चाके मोजायची. कारण दोन-चार मिनिटांतच आकडे उतरू लागतात. खडूची रेघ कडेपर्यंतच पुसली गेली असेल तर ठीक. भिंतीवरही पुसली गेली असेल तर टायर दुमडतो आहे, हवा वाढवा. कडेवर तशीच शाबूत असेल तर हवा अधिक आहे, कमी करा. नंतर मुलीने सुईचा तापमापक आणला. तो रबरात बाहेर, मध्ये आणि आत असा तीन ठिकाणी टोचायचा. मध्य सर्वांत गरम असला तर हवा जास्त. दोन्ही कडा गरम असल्या तर कमी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीही एका पौंडाने. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. हा शेवटचा नियम माझा, आणि तो मी यंत्रशास्त्रातून घेतलेला नाही. नवे साहेब येऊन पहिल्याच आठवड्यात दहा गोष्टी बदलतात, त्यांच्या कचेऱ्यांतून घेतला आहे.

या वहीचा खरा उपयोग एका फेब्रुवारीत झाला. हवा छान होती. सकाळी पंचविसाच्या आसपास तापमान, आकाश निरभ्र. पुढची चाके २९ आणि मागची २८ भरून मुलगी निघाली. पहिल्या पाळीनंतर पुढे ३४ व ३५, मागे दोन्ही ३२. सारे ठरल्याप्रमाणे. दुसऱ्या पाळीनंतर ती आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. समोरच्या लांब सरळ मार्गानंतरचे उजवे वळण प्रथमच मनासारखे साधले, असे ती काचेतूनच सांगू लागली. मी वाकून मोजत होतो. पुढे ३५, ३५. मागे उजवे ३३. मागे डावे ३०.

तीस हा आकडा वाईट नाही. पंपावरचा मुलगा तो ऐकून खूश होईल. टायर डोळ्यांना भरलेला दिसत होता, बोटांना टणक लागत होता. त्या एका आकड्यात भिण्यासारखे काही नव्हते. भिण्यासारखे होते ते वहीत: वरच्या ओळीत ३२ होते, शेजारच्या चाकाने ३३ दाखविले होते, आणि हे एकच चाक, तितकेच तापलेले असून, वर जाण्याऐवजी खाली आले होते.

मी म्हटले, "पुढची पाळी नको."

ती म्हणाली, "बाबा, गरमपणी माप थोडे इकडेतिकडे होते. दहा मिनिटांनी पुन्हा बघू." ती चिडली नव्हती, पण तिच्या आवाजात त्या उजव्या वळणाची ओढ होती. वर्षभर ते वळण तिला हुलकावणी देत आले होते. आणि आज ते वश झाले असताना तिसरी पाळी सोडायची म्हणजे काय, हे मला न कळण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही. उजव्या वळणात गाडीचा सारा भार डाव्या चाकांवर जातो. ज्या वळणासाठी ती आसुसली होती, ते नेमके याच चाकावर पेलले जाणार होते. मागच्या चाकाने तिथे दगा दिला, तर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते आणि हातात सुकाणू असून उपयोग नसतो.

दहा मिनिटे आम्ही दोघे गाडीला टेकून बसलो. पुढचा गट फेऱ्या मारीत होता. इंजिनांचा आवाज दूर जाई आणि परत येई. बाकीची तीन चाके निवत एकेक पौंड खाली आली. मागचे डावे २७ वर गेले. मग तिनेच मला काही न म्हणता जॅक काढला, चाक उचलले आणि ते हाताने हळूहळू फिरवीत पाहू लागली. एका खाचेत, धुळीने माखलेली, रुपेरी टिकलीएवढी खिळ्याची टोपी चमकली. महामार्गावर कुठेतरी तो घुसला असणार. सकाळी त्याने हवा धरून ठेवली होती. रबर तापून हलू लागले तशी सोडू लागला.

पेरियवर त्या दिवशी ओळखीच्या काही मुलांबरोबर मैदानात आले होते. त्यांनी खिळा उपसला, भोकात रबराची दोरी कोंबली, वर थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहिले. मुलीने विचारले, "आता जाता येईल?" त्यांनी मान हलविली. "वीट्टुक्कु," ते म्हणाले. घरी जाता येईल. मग हात मार्गाच्या दिशेने करून त्यांनी नुसतेच बोट हलविले. ही दोरी बाजारहाटाच्या वेगाला पुरे. त्या वळणात तिच्यावर कोणी जीव टाकू नये, हे सांगायला भाषेची गरज नव्हती. तिने शिरस्त्राण पिशवीत घातले. तिसऱ्या पाळीचे पैसे वाया गेले आणि ते वळणही त्या दिवसापुरते राहिले. मी तिची समजूत काढायला गेलो नाही. ती स्वतःच वही घेऊन बसली, आणि शेवटच्या रकान्यात माझ्याहून सुबक अक्षरात तिने लिहिले: 'मागचे डावे: वाढ नाही. थांबलो.'

सारखा विचार करताना मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. धोक्याची सूचना देणारा आकडा सहसा स्वतः भयंकर नसतो. तो नेमस्त, सभ्य, तीस-बत्तीसच्या घरातला असतो. त्याच्या आधीचा आणि शेजारचा आकडा ठाऊक असेल तरच त्याचे वाईट वागणे कळते. आणि ते कळण्यासाठी, काहीच घडत नसते त्या साऱ्या कंटाळवाण्या रविवारी, कोणीतरी वाकून चारही चाके मोजून लिहिलेली असावी लागतात.

निघण्यापूर्वी करायचे एक काम हौशी लोक पुष्कळदा विसरतात, म्हणून ते इथे नोंदवितो. गरम टायरातून दिवसभर जी हवा थोडी थोडी सोडलेली असते, ती टायर थंड झाल्यावर उणी पडते. गरमपणी ३४ दिसणारे टायर संध्याकाळी घरी पोचेतो २८ वर येते. माणसे, सामान आणि महामार्ग यांसाठी ते कमी आहे. म्हणून मैदानाबाहेर पडण्यापूर्वी, टायर निवले की, चारही चाके पुन्हा दारावरच्या चिठ्ठीप्रमाणे भरायची. त्या चिठ्ठीवरच्या ३३ चा अपमान करण्याचे कारण नाही. तो आकडा संसाराचा आहे, आणि संसाराच्या जागी तोच बरोबर.

मध्यंतरी मुलीची बदली दिल्लीकडे झाली. हो, बदल्या आता केवळ सरकारी राहिलेल्या नाहीत. ग्रेटर नोएडा येथे २०११ पासून ५.१२५ किलोमीटर लांबीचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. तिथे २०११ ते २०१३ या तीन वर्षी फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, आणि हौशी मंडळींच्या फेऱ्याही झाल्या आहेत. तिने फोनवर विचारले, "बाबा, आपली वही पाठवता का?" मी पाठविली, पण सोबत एक चिठ्ठी जोडली. चेन्नईत ३० अंशांना ३० भरलेले तेच टायर तिकडे पौषातल्या सकाळी ८ अंशांना २७ च्याही खाली दिसेल. तिथला रस्ता निराळा, वळणे निराळी, ऊन निराळे. तेव्हा वहीतले आकडे तिथे उपयोगी पडणार नाहीत. रकाने तेवढे घे.

आठ दिवसांनी तिचे उत्तर आले. त्यात गाडीविषयी दोनच ओळी होत्या. नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख, वेळ, हवेचे तापमान आणि चारही चाकांचे दाब तिने मांडले होते. ते पान तिने मला तपासायला पाठविले होते. मी लाल पेन्सिल हाती घेतली, पुन्हा ठेवून दिली. बेरीज-वजाबाकी चोख होती.